थोडक्या खर्चांत घरची ऊब

महाराष्ट्रांतील घरें बांधलीं जातात तीं उन्हाळा आणि पाऊस यांच्याकडे पाहून. वारा खेळता राहावा, फरशी पायांना गार लागावी, हीच बांधणाराची दृष्टि. थंडी ही दीड-दोन महिन्यांची पाहुणी. तिच्यासाठीं वेगळी तजवीज कोण करणार? परंतु ही पाहुणी कधीं कधीं चांगलाच हिसका दाखविते. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १·७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि नागपुरास डिसेंबर २०१८ मध्यें तो ३·५ अंशांवर आला होता. अशा वेळीं मध्यम स्थितीच्या कुटुंबांत गृहिणीपुढें प्रश्न उभा राहतो तो असा: महिन्याच्या ठराविक प्राप्तींत आजोबांचे गुडघे आणि पाळण्यांतलें मूल या दोहोंना ऊब पुरवावयाची कशी?

प्रथम आठवण होते ती विजेच्या हीटरची. २००० वॅटचा हीटर पूर्ण वेळ चालू राहिल्यास तासाला दोन युनिटें वीज खातो. रोज रात्रीं चार तास धरले तर महिन्याचीं २४० युनिटें झालीं. एवढें करून तापते ती खोलींतली हवा, आणि ती दारांच्या फटींतून बघतां बघतां निघून जाते. उलट, स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या अंगांतून सुमारें १०० वॅट उष्णता अहोरात्र बाहेर पडत असते. झोपेंत ती थोडी कमी होते इतकेंच. म्हणजे प्रत्येक अंथरुणांत एक लहानशी शेगडी आधींच पेटलेली आहे. तिची ऊब अंगाजवळ थोपवून धरली कीं पुष्कळसें काम झालें.

हें थोपविण्याचें काम कोंडलेली हवा करते, कारण हवा उष्णतेची मंदवाहक आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी ऊबदार असते ती थरांमध्यें अडकलेल्या हवेमुळें. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षां दोन पातळ पांघरुणें पुष्कळदां अधिक उपयोगीं पडतात. मात्र सुती कापड दमट झालें कीं त्याची ऊब जाते. यासाठीं गोधड्यांना आठवड्यांतून एकदोनदां कडकडीत ऊन दाखवावें.

बहुतेक घरांत चूक होते ती अंथरुणाच्या खालच्या बाजूस. फरशीवर नुसती सतरंजी अंथरून अंगावर तीन पांघरुणें घेणारा मनुष्य पहाटे कुडकुडतो, कारण त्याच्या पाठीची ऊब फरशी ओढून घेते. खालीं चटई, तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या, त्यांवर घोंगडी आणि मग गादी, अशी रचना केली तर वरचें एक पांघरूण सहज कमी करतां येतें.

दुसरें फुकटचें साधन म्हणजे ऊन. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यास तो भर माध्यान्हींही क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर चढतो; त्यामुळें दक्षिणेच्या खिडकींतून ऊन खोलींत बरेंच आंत येतें. दिवसभर तो पडदा उघडा ठेवावा आणि सूर्य मावळण्यापूर्वीं खिडकी लावून घ्यावी.

निजण्याच्या वेळीं रबरी पिशवींत गरम पाणी भरून अंथरुणांत ठेवावें. दोन लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें एक अष्टमांश युनिट पुरतें. पाणी उकळतें नसावें आणि पिशवीस फडकें गुंडाळावें. तान्हें मूल, किंवा ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे असे वृद्ध, यांना निजविण्यापूर्वीं पिशवी काढून घ्यावी; भाजल्याचें त्यांना सांगतां येत नाहीं किंवा कळतच नाहीं.

काटकसरीच्या या सर्व विचारांत एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे: दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशीं घेऊन निजणें. धुमसणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो आणि प्राणवायूची वाट अडवितो. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. मनुष्यास वाटतें, उबेनें झोंप येत आहे. त्या झोंपेंतून तो पुन्हां उठत नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून निखारे निर्धोक, हा समज घातक होय. ऊब यावी म्हणून स्वयंपाकाचा गॅस जळत ठेवणें किंवा कोंडलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालविणें, यांतही हाच धोका आहे. कोणी गुंगलेलें आढळल्यास दारें-खिडक्या सताड उघडून त्यास ताबडतोब मोकळ्या हवेंत न्यावें आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

शेगडीभोंवतीं बसण्याची हौस असेल तर ती अंगणांत, उघड्या आकाशाखालीं पुरवावी. घरांत येतांना निखाऱ्यांवर पाणी ओतावें, शेगडी बाहेरच ठेवावी, आजोबांच्या पायांत लोकरीचे मोजे आहेत ना तें पाहावें, आणि मगच दिवा मालवावा.