हुकूम लिहिणारा आणि हुकूम बजावणारा

आळंद तालुक्यातील काळ्या जमिनीत तुरीचे पीक मोठे. पाऊस हुकला म्हणजे तेथील शेतकऱ्याचे डोळे विम्याकडे लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाईचा हिशेब मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवरून होतो. निवडलेल्या शेतांतील उत्पादनाची सरासरी ठरलेल्या उंबरठा उत्पादनाहून कमी भरली, तर त्या तुटीच्या प्रमाणात विमा रकमेचा वाटा मिळतो.

एका ग्रामपंचायतीच्या हिशेबाला संगणकाची दहा-बारा ओळींची आज्ञावली पुरेल. परंतु आळंदप्रमाणेच अफझलपूर, चिंचोळी, सेडम येथील प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी त्याच ओळी पुनःपुन्हा कोणी लिहाव्यात? अशा वेळी मॅक्रो भाषा कामी येते. शेतीच्या आकडेवारीसाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात जन्मलेल्या आणि १९७६ पासून स्वतंत्र कंपनीने चालविलेल्या ‘सॅस’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत ही सोय आहे.

मॅक्रोचे काम केवळ मजकुराचे. छापील दाखल्यातील रिकाम्या जागी गावाचे नाव भरावे, तसा तो ग्रामपंचायतीचे नाव घालून आज्ञावली लिहून देतो. त्यानंतर मूळ भाषा आकडे वाचते आणि गणित करते. मॅक्रो हा हुकूम लिहिणारा कारकून. मूळ भाषा तो बजावणारी. कारकुनाने शेत पाहिलेले नसते.

हा भेद विसरला की अनर्थ ओढवतो. ‘जर’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे; मॅक्रोच्या ‘जर’आधी टक्क्याचे चिन्ह असते, एवढाच वरकरणी फरक. समजा, उत्पादनाच्या रकान्याचे नाव ‘यील्ड’ आणि उंबरठ्याच्या रकान्याचे ‘थ्रेशोल्ड’ आहे, आणि पहिले दुसऱ्याहून कमी आहे काय, हा प्रश्न चुकून मॅक्रोला विचारला गेला. त्याच्यापुढे आकडे नाहीतच. तो त्या दोन शब्दांची अक्षरे ताडून पाहतो. रोमन वर्णक्रमात ‘वाय’ हे अक्षर ‘टी’च्या मागून येते, म्हणून उत्तर ‘नाही’. पीक निम्मे बुडो वा सगळे, उत्तर तेच. भरपाईची ओळ आज्ञावलीत उतरतच नाही, चुकीची सूचनाही मिळत नाही, आणि एका टक्क्याच्या चिन्हापायी साऱ्या ग्रामपंचायती भरपाईस मुकतात.

उपाय साधा आहे. मॅक्रोने लिहिलेली आज्ञावली नोंदीत जशीच्या तशी उमटवून घेता येते; ती वाचावी. आणि जेथे तूट निश्चित आहे अशा एका गावाचा हिशेब कागदावर मांडून संगणकाच्या उत्तराशी ताडावा. गावाचे नाव मॅक्रोने भरावे. पीक बुडाले की नाही, हे मात्र त्या गावच्या आकड्यांनाच विचारावे.