आधी चूल, मग बाजार समिती



नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. तिथं वाहतूक तुंबते हे सांगायला रेडिओ लागत नाही. पण त्या तुंबलेल्या रांगेत काय काय उभं असतं ते एकदा नीट बघा. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, सिन्नरकडून आलेला कोबी आणि फ्लॉवर. मुंबईच्या ताटातली बरीचशी भाजी आपल्या जिल्ह्यातली, आणि युरोपातल्या दुकानात मांडलेली द्राक्षंसुद्धा.

आता याच जिल्ह्याच्या पश्चिमेला चला. पेठ इथून साधारण ५५ किलोमीटर. तिकडे सुरगाणा, इकडे त्र्यंबकेश्वर आणि हरसूल. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून निघून जातो. एप्रिल उजाडला की बायका हंडे घेऊन झऱ्याकडे. भात आणि नागली निघाली की घराला कुलूप लागतं आणि कुटुंबच्या कुटुंब द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येतं. मुलंही बरोबर. परदेशी जाणारा घड ज्या हातांनी विरळला, त्या हातांच्या घरी त्या दिवशी भाकरीबरोबर बहुतेक मिरचीच असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९ ते २०२१ ची फेरी सांगते की महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही सरासरी पुण्या-मुंबईसकट सगळ्या राज्याची. डोंगरात काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

यावर आपण गोळ्या वाटतो, अंगणवाडीत आहार देतो. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून चालू आहे. हे सगळं हवंच. पण माझं म्हणणं असं, की शेतकऱ्याच्या घरातलं कुपोषण आपण फार लवकर आरोग्य खात्याच्या हवाली केलं. त्या घराला जमीन आहे. त्या जमिनीत घरासाठी काय पेरायचं, हा प्रश्न शेतीच्या कार्यक्रमांनी पुरेसा विचारलाच नाही.

ज्यांनी विचारला, त्यांच्याकडे बघू. मणिभाई देसाई १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आले आणि तिथलेच झाले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली. तिनं १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसद्याच्या आदिवासी भागात वाडी उभी करायला घेतली, आणि पुढे ती कल्पना आपल्या डोंगरपट्ट्यातही आली. एक एकर वरकस जमीन घ्यायची, तीत आंबा आणि काजूची कलमं लावायची, कडेनं जळणाच्या आणि चाऱ्याच्या झाडांचं कुंपण करायचं आणि झाडं लहान आहेत तोवर मधल्या पट्ट्यात नागली, कडधान्य, भाजी घ्यायची. आंबा हाती यायला चार-पाच वर्षं. तोवर उन्हाळ्यात कलमांना हंड्यानं पाणी घालायचं. सोपं काम नाही हे. पुढे नाबार्डनं २००३-०४ पासून आदिवासी विकास निधी उभा करून वाडीला पैसा दिला.

वाडीचं उत्पन्न किती, हे सगळे मोजतात. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कलमं जगवायची म्हणून घरातलं कोणीतरी उन्हाळ्यात गावात राहू लागलं. घरी माणूस राहिलं की शेळी राहते, कोंबडी राहते, दाराशी वालाचा वेल राहतो, मूल शाळेत राहतं. स्थलांतर चालू असलेल्या घरात पोषणाचा कोणताही कार्यक्रम मकर संक्रांतीच्या आधीच संपलेला असतो, कारण पानं खुडायलाच घरी कोणी नसतं.

आता नागली. आपल्याकडे नागली, इतरत्र नाचणी. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात त्या मानानं काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं आणि शहरात नागलीची बिस्किटं मिळू लागली. त्याच वेळी जिथं नागली पिकते तिथल्या घरात रेशनचा तांदूळ जास्त शिजत होता. का? राब भाजा, रोप टाका, भर पावसात चिखलात वाकून आवणी करा, मग कणसं खुडा, झोडपा, पाखडा. सगळं बाईच्या कमरेवर. गावात मळणीचं यंत्र आणि दळायला गिरणी नसेल तर नागलीचे गुण कितीही गा, ती शेतातून कमीच होत जाणार. वरईचंही तसंच. नाशिक शहरात भगरीच्या गिरण्या आहेत, त्यामुळे आपल्या एकादशीला भगर मिळते. पण वरई पिकवणाऱ्या बाईला ती सडायला आजही बऱ्याच ठिकाणी उखळच आहे.

द्वारकेहून पुणे रस्त्यानं सिन्नर गाठलं की पुढे अकोले तालुका फार लांब नाही. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. नातू सारखा आजारी पडू लागला तेव्हा संकरित बियाण्याच्या, औषधं मारलेल्या भाजीवर त्यांचा संशय गेला, असं त्या स्वतःच सांगतात. मग त्यांनी गावठी वाण गोळा करायला सुरुवात केली. वालाचे तर किती प्रकार! भात, नागली, वेलभाज्या, पालेभाज्या. बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं, ही आज्यांची रीत. पुढे बाएफच्या मदतीनं गावात बियाणं बँक झाली, बचत गटांच्या बाया जोडल्या गेल्या. जी बी नेईल तिनं पीक आल्यावर जास्तीचं बी परत आणून द्यायचं.

राहीबाईंचं कौतुक खूप झालं, व्हायलाच हवं. फोटो काढणारेही खूप आले. मला त्यातलं व्यवहाराचं कलम मोलाचं वाटतं: बी परत येतं. अनेक योजनांत बियाण्याची पाच पाकिटं वाटतात, पोचपावतीवर अंगठा घेतात, छायाचित्र वर पाठवतात, आणि पुढच्या मृगाला त्या बाईच्या हातात काही नसतं. संकरित बी राखून पेरलं तर आईसारखं पीक येत नाही. म्हणजे परसबाग दरवर्षी कुणाच्या तरी मेहरबानीवर. गावठी बी असेल तर ती तिची स्वतःची.

मराठवाड्यातही याच धर्तीचं काम झालं, आणि तेही ऐन दुष्काळात. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं धाराशिव-लातूरकडच्या बायकांना एक वाट दाखवली. घरच्या सगळ्या रानात नवऱ्याचं सोयाबीन नाहीतर ऊस असला, तरी त्यातला अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, आणि त्यात काय पेरायचं ते आपण ठरवायचं. ज्वारी, मूग, तूर, भाज्या; कमी पाण्याची, खाण्याची पिकं. आधी घर खाईल, उरलं तर विकू. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बाजाराचा भाव पडला तरी त्या एकरानं घर उपाशी राहू दिलं नाही, हे मला पारितोषिकापेक्षा मोठं वाटतं.

बाजाराला माझा विरोध नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी आहे आणि तिनं द्राक्ष बागायतदारांसाठी जे केलं ते देशानं पाहिलं. पण दोन एकर उताराच्या मालकिणीला कंटेनर भरायचा नाही. तिच्यापुढं धोका वेगळा आहे. परसबाग चांगली फुलली की कोणीतरी म्हणतं, विका. मग शेवग्याच्या शेंगा, अंडी, टोमॅटो टोपलीत भरून आठवडे बाजारात जातात आणि घरी येतं तेल, साखर, बिस्किटाचा पुडा. पैसा दिसतो, ताट रिकामंच. म्हणून गटानं सुरुवातीलाच ठरवून घ्यावं की पालेभाजी आणि अंडी घरातल्या लहान मुलासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी बाजूला काढायची. शेवग्याचा पालाही खा, नुसत्या शेंगा नकोत. जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा घ्या आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

बचत गटांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या 'उमेद' अभियानानं २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पोषण परसबागांची मोहीम घेतली होती. पण ज्या घरी न्हाणीचं सांडपाणी वळवता येतं आणि शेळ्या आत शिरणार नाहीत असं कुंपण आहे, त्याच घरी परसबाग टिकते. पाणी आणि कुंपण. या दोन गोष्टींना पैसा लागतो, आणि तो मागण्याची जागा तुमच्याच गावात आहे.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, जिथं लागू आहे तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हाही कायदाच आहे. तेव्हा पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या माझ्या बहिणींनो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांतली जी ग्रामसभा आधी येईल तिच्या आधीच्या महिला सभेत तीन मागण्या मांडा: गावाला नागली-वरईचं मळणीयंत्र, परसबागांना पाणी आणि कुंपण, आणि बियाणं ठेवायला एक कोरडी खोली. नुसत्या माना हलवून उठू नका. ठराव लिहून घ्यायला लावा, आणि त्याची नक्कल मागून घ्या.