त्या दिवशी काय विचारलं जाईल?

(दिंडीच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. टाळ-मृदंगाचा आवाज आम्हाला परका नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. त्यांची भजनं आमच्या देवळांत आजही गातात. त्यांच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं. तेव्हा आजचा विषय ओवी-अभंगांच्या भाषेत सांगणारे आम्ही काही पहिले नव्हे.

समितीने विषय दिला, ‘मरण, न्याय आणि सार्वकालिक जीवन’. आणि विषयाबरोबर एक प्रश्नही हळूच पुढे केला: “तुमच्या धर्माप्रमाणे आम्ही वारकरी मेल्यावर कुठे जाणार?” प्रश्न सरळ आहे. त्याला बगल देऊन आम्ही बोललो, तर या व्यासपीठाचा मान राहणार नाही. पण उत्तरापर्यंत जायला चार पावलं चालावी लागतील. चालण्याची सवय तुम्हाला आहेच.

पहिली गोष्ट. आमच्या श्रद्धेप्रमाणे माणूस एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आमच्याकडे नाही. तुमच्या संतांनी मुक्ती नाकारून पुन्हा संतसंगतीसाठी जन्म मागितला. ते मागणं फार गोड आहे, पण आम्हाला ते मागता येत नाही. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं म्हणून हा फरक झाकू नये. शेजाऱ्याची ओळख करून घ्यायची, तर त्याचं वेगळेपणही ओळखावं लागतं. एकच जन्म म्हटल्यावर ‘पुढच्या जन्मी फेडू’ ही सोय राहत नाही. भावाशी बांधावरून अबोला असेल, तर तो याच जन्मी मोडायचा. म्हाताऱ्या आईला पाणी द्यायचं, ते याच जन्मी.

दुसरी गोष्ट देहाची. पुष्कळांना वाटतं, ख्रिस्ती माणूस मेला की आत्मा स्वर्गात जातो आणि विषय संपतो. तसं नाही. आमच्या उपासनेत जो विश्वासाचा कबुलीजबाब म्हणतात, त्यात मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असं आहे. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेपासून हे शब्द चालत आले आहेत. देव माणसाला देहासकट उठवील, मात्र तो देह पालटलेला, नवा असेल. संत पौलाने करिंथ गावच्या मंडळीला हे समजावताना दाण्याचा दाखला दिला. पेरतो तो नुसता दाणा. उगवतं ते वेगळंच, पण त्याच दाण्याचं. चाड्यावर मूठ धरणाऱ्याला हे जास्त उकलून सांगायला नको. म्हणून आम्ही मूठमाती देतो ती पेरणीच्या भावनेने. दहन केलं तर देवाला उठवता येणार नाही, असं मात्र नाही. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनालाही मुभा दिली.

तुमच्याकडे चोखोबांची गोष्ट सांगतात. मंगळवेढ्याचं गावकूस कोसळून ते गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी नामाच्या आवाजावरून ओळखल्या. ती काही पुनरुत्थानाची गोष्ट नव्हे. पण जगाने ज्याला शिवून घेतलं नाही, त्याचं हाडही देव विसरला नाही, हे त्यातलं मर्म आम्हाला फार जवळचं वाटतं. आमच्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे त्याच वेशीबाहेरच्या वस्तीतले.

तिसरी गोष्ट शोकाची. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून आम्ही रडत नाही, असं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात लाजर मेल्यावर त्याच्या बहिणी, मार्था आणि मरिया, येशूला म्हणतात की तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं. तरीही तो रडला. म्हणून आमच्या घरी कोणी गेलं, तर ‘तुमच्यात तर स्वर्ग असतो, मग रडता कशाला’ असं म्हणू नका. शेजारी बसा, तेवढं पुरे.

मरणानंतर आणि शेवटच्या न्यायाआधी काय, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. कॅथलिक बांधव शुद्धिस्थान मानतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. प्रॉटेस्टंट मंडळी शुद्धिस्थान मानत नाहीत. गेलेला माणूस प्रभूच्या हाती सोपवला, असं ती म्हणतात.

आता न्याय. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने त्या दिवसाचं चित्र रंगवलं आहे. मेंढपाळ संध्याकाळी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तसा राजा सर्व राष्ट्रांना वेगळं करील. मग विचारणा होईल. भुकेल्याला जेवू घातलंस का? तहानेल्याला पाणी दिलंस का? परक्याला घरात घेतलंस का? उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट, हे केलंस का? कारण ते त्याच्यासाठी केलं, तर माझ्यासाठी केलं, असं राजा सांगतो. आणि माउली, इथे एक बारीक गोष्ट आहे. उजवीकडचे आणि डावीकडचे, दोघंही चकित होतात. “आम्ही तुला कधी पाहिलं?” असं दोघंही विचारतात. ज्यांनी केलं, त्यांनी हिशेब ठेवला नव्हता. ज्यांनी केलं नाही, त्यांना वाटत होतं आपलं खातं चोख आहे.

मग तुम्ही म्हणाल, हा कर्माचाच सिद्धांत झाला. तेही पुरतं खरं नाही. तारण कृपेने मिळतं, कमाईने नाही, ही आमची मूळ शिकवण. वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराजवळ पुण्याचा एक पैसा नव्हता. त्याने फक्त “माझी आठवण ठेव” अशी विनवणी केली आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळवलं. सत्कर्म ही कृपेला आलेली फळं. फळ नसेल, तर झाड जिवंत आहे की नाही, हे तपासावं लागतं.

आता तुमचा प्रश्न. खरं सांगायचं तर यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते शास्त्रातल्या वचनांचाच आधार घेतात. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, असं मांडलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आम्ही आमच्यापुरतं एवढंच म्हणतो: येशू हा आमचा तारणारा, हे आम्ही कुठेही लपवणार नाही. पण न्यायासनावर बसणारा तो आहे, आम्ही नाही. तुमच्या नावापुढे नरक लिहायचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही. नरकाचं भय घालून शेजाऱ्याला हिणवणारा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याने मत्तयाचा तो अध्याय पुन्हा वाचावा. त्यात सगळ्यात मोठा धक्का बसतो तो स्वतःबद्दल निर्धास्त असलेल्यांना.

राहिलं सार्वकालिक जीवन. ते म्हणजे नुसतं न संपणारं आयुष्य नव्हे. योहान सांगतो, देवाला ओळखणं हेच ते जीवन. त्याची सुरुवात इथेच होते, मरणाने ती ओळख तुटत नाही. पंढरीची ओढ वाटेवरच पायांत असते, हे ज्याला माहीत आहे, त्याला आमचं म्हणणं अवघड जाऊ नये.

शेवटी एक मागणं. गावात ख्रिस्ती घरात मयत झालं की पुष्कळ शेजारी कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. आत यावं की नाही, पेटीला हात लावावा की नाही, असं त्यांना वाटतं. माउली, आत या. खांदा द्या. मूठभर माती तुमच्याही हातची पडू द्या. तुमच्या वाटेवर ऊन-पावसात कोणी वारकरी पडला, तर त्याला उचलायला आम्ही येऊच. त्या दिवशी विचारणा होईल ती या आणि अशाच गोष्टींची, असं आमचं शास्त्र सांगतं.