लिंबूटिंबूचा हिशेब

लहानपणी खेळात एखादा धाकटा भिडू असला, की त्याला आम्ही लिंबूटिंबू ठरवत असू. तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याच्या धावाही कुणी धरत नसे. गोल्फमध्येही कच्च्या खेळाडूला सवलत असते. पण तिथे त्याचा प्रत्येक फटका मोजला जातो. सवलतीच्या आकड्याला हँडिकॅप म्हणतात. 18 हँडिकॅप असलेल्याने 90 फटके घेतले, तर 18 वजा करून त्याचे 72 धरायचे. म्हणून तर बापलेकांचा सामनाही चुरशीचा होऊ शकतो.

पंचाईत होते ती मैदानामुळे. क्रिकेटची खेळपट्टी सगळीकडे 22 यार्डांची. गोल्फचे कोर्स मात्र एकासारखा एक नाही. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक या सार्वजनिक कोर्सवर तर 'हा कोर्स अतिशय अवघड आहे, निष्णातांनीच खेळावे' अशा अर्थाची पाटीच आहे. सोप्या मैदानावर कमावलेला 18 तिथे कसा पुरणार?

सर्वांनाच चार-चार फटके वाढवून द्यावेत, असे कुणी म्हणेल. मला तो उघड अन्याय वाटतो. समजा, सुरुवातीलाच 200 यार्डांपर्यंत पाणी आहे. पट्टीचा खेळाडू चेंडू हवेतूनच 230 यार्ड नेतो. त्याला त्या पाण्याचे काय? सामान्य खेळाडूचा चेंडू 180 यार्डांवर उतरतो, म्हणजे थेट पाण्यात!

अमेरिकी नौदलातले डीन क्नूथ यांनी 1970 च्या दशकात या फरकाचे गणित मांडायला घेतले. अमेरिकी गोल्फ संघटनेने ते 1987 मध्ये देशभर लागू केले, आणि 2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीचाही तोच कणा आहे. प्रत्येक कोर्सला दोन आकडे असतात. उत्तम खेळाडूला तिथे किती फटके लागावेत, ते 'कोर्स रेटिंग'. त्याच्या तुलनेत सामान्य खेळाडूची किती अधिक दमछाक होते, ते 'स्लोप'. स्लोप 55 ते 155 पर्यंत असतो. 113 हा प्रमाण मानला आहे. मोजणारे लांबी, वारा, झाडी, वाळूचे खड्डे सगळे तपासतात. मनावर येणाऱ्या दडपणालाही त्यांच्या तक्त्यात एक रकाना आहे, हे मला फार आवडते.

आता 141 स्लोपचा कोर्स घ्या, रेटिंग पारइतकेच. 18 ला 141 ने गुणून 113 ने भागा. कच्च्या खेळाडूला 22 फटके मिळाले. 5 वाल्याला मिळाले फक्त 6. एकाला चार जास्त, दुसऱ्याला एक. हाच हिशेब उलटही चालतो. रेटिंग 72 असेल, तर या कोर्सवरचे 90 फटके 18 वर नव्हे, 14.4 वर नोंदले जातात. अशा शेवटच्या 20 नोंदींतल्या उत्तम 8 नोंदींची सरासरी, म्हणजे तुमचा हँडिकॅप.

हवामानाचीही दखल घेतात. वादळवाऱ्यात सगळ्यांचेच फटके वाढले, तर त्या दिवसापुरती 3 फटक्यांपर्यंत सूट मिळते. मात्र त्यासाठी निदान 8 जणांच्या नोंदी लागतात. धो धो पावसात तिघेच वेडे खेळायला गेले, तर त्यांना काहीच मिळत नाही.