वैकुंठाच्या पुढची चार घरे

(भिवंडी येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे. समोर बसलेल्या ज्येष्ठांना तो परका वाटेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. 'समोर अंधारी गुहा आहे, काय करता?' असे डीएम विचारतो. खेळणारे आपापले बेत सांगतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाने हा खेळ छापला. आज आपल्याकडची शहरातली मुलेही तो खेळतात. त्यांनी घरी मागवलेली नियमपुस्तके कदाचित आपल्याच गावाबाहेरच्या एखाद्या गोदामातून गेली असतील.

या खेळाचे नियम २०००, २००८ आणि २०१४ साली नव्याने लिहिले गेले, आणि २०२४ मध्ये पुन्हा सुधारले गेले. पण पन्नास वर्षांत लिहिलेली काही साहसे लोकांना इतकी आवडतात की नियम बदलले तरी तीच पुन्हा खेळावीशी वाटतात. मग जुने साहस नव्या नियमांत बसवावे लागते. बहुतेक जण हे काम आकड्यांचे समजतात. जुन्या गॉब्लिनच्या, म्हणजे बुटक्या राक्षसाच्या, जागी नवा गॉब्लिन, जुन्या चिलखताच्या आकड्याच्या जागी नवा, की झाले. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते एका साहसावरून दाखवतो.

'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे गायगॅक्सचे १९७९ चे साहस. सरहद्दीवर एक गढी आहे आणि जवळच्या दरीत गुहाच गुहा. जवळपास प्रत्येक गुहेत वेगळी टोळी. खेळात पात्र अनुभवगुण कमावून एकेक पायरी चढते आणि बलवान होते. त्या काळच्या नियमांत योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर चढायला २००० अनुभवगुण लागत. एक गॉब्लिन मारला की मिळत ५. म्हणजे नुसत्या तलवारीवर चढायचे, तर एकट्याच्या हिशेबाने ४०० गॉब्लिन मारायला हवेत. आणि पहिल्या पायरीवरचा योद्धा किती घाव सोसणार, हे आठ बाजूंच्या एका फाशावर ठरायचे! तो चारशेपर्यंत पोचणे शक्यच नव्हते. मग वर कसे चढायचे? गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक गुण मिळे. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा. रात्री शिरायचा, एका टोळीला दुसरीविरुद्ध भडकवायचा, लाच द्यायचा. त्या साहसात गॉब्लिन स्वतःच शेजारच्या ऑगर नावाच्या धिप्पाड राक्षसाला २५० सोन्याच्या नाण्यांची थैली देऊन मदतीला बोलावतात. ते पाहून खेळणाऱ्याच्या मनात सहज यायचे की हा थैलीवर फिरतो, तर आपण मोठी थैली देऊ. समोर आलेली टोळी लढेल की बोलेल, तेही दोन फासे टाकून ठरवता येई. प्रत्येक भेट म्हणजे लढाई असे नव्हतेच.

आता २०१४ चे नियम घ्या. दुसऱ्या पायरीला ३०० गुण पुरतात, आणि एका गॉब्लिनचे ५० मिळतात. सहा गॉब्लिन मारले की काम झाले. सोन्याला गुण नाहीत. भेटीचे फासे मुख्य नियमांतून गेले. तुम्ही गुहेचा नकाशा तोच ठेवला, राक्षस तेच ठेवले, फक्त आकडे अचूक बदलले, तरी खेळणारा दारातूनच तलवार उपसून आत शिरतो. एक शब्दही न बदलता चोरी-वाटाघाटीचे साहस कत्तलीचे झाले.

भिवंडीकरांना हे वेगळे सांगायला नको. साध्या यंत्रमागावरचे कापड बिनधोट्याच्या रॅपियर मागावर घ्यायचे, तर नुसता ताणा चढवून भागत नाही. धोटा जाताच कापडाची किनार वेगळ्या रीतीने बांधावी लागते, नाहीतर धागे सुटतात. साहसातही जुना नियम काढला की त्याने काय बांधून ठेवले होते ते आधी पाहावे लागते. म्हणून हे साहस आज चालवणाऱ्याने आधी सोन्याला गुण द्यावेत, आणि गॉब्लिनचे आकडे मग पाहावेत.

'टूम ऑफ हॉरर्स'चेही तसेच. हे साहस १९७५ मध्ये एका मेळाव्यात खेळले गेले आणि १९७८ मध्ये छापले. त्यात भिंतीवर एक हिरवे सैतानी तोंड आहे, आ वासलेले, आत काळोख. जो आत शिरला तो संपला; फासा टाकून सुटका नाही. ज्याने आधी काठी आत घालून पाहिली, तो वाचला. इथे पात्राच्या कागदावरचा आकडा उपयोगी नव्हता, खेळणाऱ्याची सावधगिरी होती. या ठिकाणी नुसता 'निरीक्षणाचा फासा टाका' असा नियम घातला, तर ते तोंड उरते, भीती उरत नाही.

चांगले काम झालेलेही आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये पत्ते मांडून भविष्य सांगतात, आणि खलनायक कुठे गाठायचा, शस्त्रे कुठे लपली आहेत, ते त्या पत्त्यांवर ठरते. २००६ आणि २०१६ च्या नव्या रूपांत लेखकांनी पुष्कळ बदलले, पण पत्ते ठेवले. २०१८ मध्ये गुडमन गेम्सने सरहद्दीचे साहस पुन्हा छापले, तेव्हा जुनी संहिता आणि नवे रूप एकाच ग्रंथात दिले. ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. वाचणाऱ्याला काय बदलले ते पडताळता येते.

आपल्या एका खेळाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांना देते. आज हाती असलेले पट मात्र बरेच अलीकडचे. पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये एक प्रबंधही झाला. जैन पट ८४ घरांचे, वैष्णव पट ७२ घरांचे. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी सरकवायची. प्रत्येक घराला नाव असते. अहंकाराच्या घरी साप, भक्तीच्या घरातून थेट वैकुंठाला शिडी.

आणि वैष्णव पटावर वैकुंठ शेवटी नाही. ते वरच्या ओळीच्या मधोमध, ६८ व्या घरात आहे. दान जास्त पडले तर सोंगटी वैकुंठ ओलांडून पुढच्या चार घरांत जाते. ७२ व्या घरी तमोगुण, तिथे साप, आणि तो परत पृथ्वीवर आणून सोडतो. मोक्षाच्याही पुढे धावणारा पुन्हा जन्माला येतो. एवढे तत्त्वज्ञान एका नियमात बसवणारा खेळ मला दुसरा माहीत नाही.

१८९२ च्या सुमारास मोक्षपट इंग्लंडात छापला गेला. तिथे साप आणि शिड्या सारख्या झाल्या. जुन्या पटांवर साप सहसा जास्त असत, कारण चढण्यापेक्षा घसरणे सोपे. वैकुंठ गेले आणि शेवटचे घर कोपऱ्यात आले. पुढे घरांची नावेही गळाली. आज आपल्या मुलांच्या हाती तीच सापशिडी आहे. खेळ चालतो, पण कोण का घसरले हे पट सांगत नाही.

आता करण्याजोगे काय, ते सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा मूळ नियमांचा मोठा भाग, ज्याला ५.१ ची नियमसंहिता म्हणतात, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला. मूळ श्रेय नोंदवले की तो मराठीत आणता येतो, बदलता येतो, विकताही येतो. जुनी साहसे मात्र हा खेळ छापणाऱ्या कंपनीच्या मालकीची आहेत. ती आपल्या टेबलापुरती बदला, छापू नका. मोक्षपटावर कोणाचाही हक्क नाही. त्याची ७२ घरे म्हणजे ७२ प्रसंग आहेत, एका मोठ्या साहसाचा नकाशाच. तो नव्या नियमांत बसवायला कोणी तरुण पुढे आला, तर मी त्याला दोन गोष्टी सांगेन. वैकुंठ ६८ वरच ठेव, कोपऱ्यात नेऊ नकोस. आणि अहंकाराच्या घरी जो येईल, त्याच्या पात्राने कशाचा गर्व केला ते त्याला सगळ्यांसमोर सांगायला लाव. मगच सोंगटी खाली ने.