मोडीत घालण्यापूर्वी

(औंध येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी आपल्याशी स्वयंपाकघरातल्या जुन्या, अनोळखी वस्तूंविषयी बोलणार आहे. विषय साधा आहे. पण त्यात पैशाची बचत आहे आणि जिवाची काळजीही आहे.

घराच्या वाटण्या होतात. माळा साफ होतो. बाजारात भांडेवाल्याकडे जुन्या भांड्यांचा ढीग दिसतो. त्यात एखादी पितळी वस्तू हाती लागते. तिला दांडा असतो, भोके असतात. ती कशाची, हे कुणालाच ठाऊक नसते. मग आपण म्हणतो, "टाका मोडीत!" पण मोडीत वस्तूच्या वजनाचे पैसे मिळतात, कामाचे मिळत नाहीत.

म्हणून माझे सांगणे एवढेच : मोडीत घालण्यापूर्वी वस्तू वाचा. अक्षर वाचतो, तशी वस्तूही वाचता येते. चार प्रश्न विचारा. ती कोणत्या धातूची आहे? ती कुठे झिजली आहे? जिथे झीज, तिथे तिचे काम. तिचे बूड काळे आहे का? असेल तर ती चुलीवर चढत होती. तिला भोके असतील तर ती कशी आहेत? एवढ्याने उलगडा झाला नाही, तर वस्तू घेऊन एखाद्या आजीबाईंकडे जा. त्या हातात घेऊनच सांगतील.

आता काही उदाहरणे बघू.

पितळेची नळी, वर फिरवायचा दांडा. हा सोऱ्या. जुना सोऱ्या मिळतो, पण त्याच्या चकत्या हरवलेल्या असतात. बारीक भोकांची चकती शेवेची आणि चांदणीची चकलीची. चकती नाही म्हणून सोऱ्या टाकू नका. मापाची चकती कारागिराकडून करून घेता येते. मग त्यातून कुरडयाही पडतात.

बिडाचे जड भांडे, त्यात वाटीसारखे खळगे. हे आप्पेपात्र. आपल्या घरी आप्पे होत नसतील, तर डाळीचे वडे त्यात करा. कढईभर तेल लागत नाही, खळग्यात चमचाभर पुरते. गंज असेल तर तो नारळाच्या काथ्याने घासून काढावा. भांडे कोरडे करावे, तेल लावून मंद आचेवर तापवावे. असे चार-पाच वेळा केले की पीठ चिकटत नाही.

अडकित्ता तर सर्वांना माहीत आहे. घरात कुणी सुपारी खात नाही, म्हणून तो पडून राहतो. पण खारीक फोडायला त्याच्यासारखे हत्यार नाही.

जुनी मापे बघा. दोन चिपटी म्हणजे एक मापटे. दोन मापटी म्हणजे एक शेर. दोन शेर म्हणजे एक अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि दशमान पद्धत आली. आता ही मापे दुकानात चालत नाहीत. पण घरात ती उपयोगी आहेत. आंबोळीला तीन मापटी तांदूळ आणि एक मापटे उडीद घ्या, प्रमाण चुकणार नाही. शिवाय मुलांना निम्मे-दुप्पट शिकवायला यापेक्षा चांगली पाटी नाही!

कधी एक उंच डबा मिळतो. आत एकावर एक भांडी, खाली कोळशाची शेगडी. हा इकमिक कुकर. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी तो 1910 च्या सुमारास काढला. निखाऱ्यावर भात, वरण, भाजी एकदम शिजे, राखण बसावे लागत नसे. आता त्याची आतली भांडी कडधान्य भिजवायला किंवा मोदक उकडायला घ्या. पण दारे-खिडक्या बंद करून कोळसा कधीही पेटवू नका. त्याचा विषारी वायू कोंडतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

आता जिवाच्या काळजीचे आणखी सांगतो. हे नीट ध्यानात ठेवा.

तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवी. कल्हई उडाली की ताक, चिंचेची आमटी त्यात कळकते. ते अन्न बाधते. आत पिवळे किंवा तांबडे दिसू लागले, तर आधी कल्हई करा, मग स्वयंपाक. कल्हई शुद्ध कथलाची हवी. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते विष आहे.

जुना प्रेशर कुकर घ्याल, तर रबर आणि सुरक्षा झडप नवी घाला. ती मिळत नसेल, तर झाकण बाजूला ठेवा आणि नुसते पातेले म्हणून वापरा.

फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी अन्नाला, पाण्याला किंवा जनावराच्या पेंडीला वापरू नका. तिथे काटकसर नको.

पुण्याला दिनकर केळकर यांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी. लोकांनी अडगळ म्हणून टाकले असते, ते आज राजा केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून बघतात. आपल्या औंधातही 1938 चे श्रीभवानी संग्रहालय आहे. आपल्याला घराचे संग्रहालय करायचे नाही. घरातली वस्तू कामाला लावायची आहे.

पूर्वीचे कागद मोडी लिपीत असत. मोडी वाचणारे गेले आणि घरोघरची दप्तरे मुकी झाली. भांड्यांचेही तसेच होते. वस्तू खूप वर्षे टिकते. तिचे काम जाणणारी आजी तेवढी टिकत नाही.

म्हणून आता आपल्याला अक्षर आले आहे, त्याचा उपयोग करा. पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने घरातली एक अनोळखी वस्तू आणावी. तिला एक चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : वस्तूचे नाव, तिचे काम, आणि ते कुणी सांगितले. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. मी वाचून घेईन.