फीत, यंत्र आणि यंत्राच्या पोटातली पोथी



संगणकाच्या व्यवसायात 'लायब्ररी' हा शब्द एका लोखंडी कपाटालाही लावतात, हे ऐकून ग्रंथालयाच्या सभासदांना थोडी गंमत वाटेल. या कपाटात तळहाताएवढ्या चौकोनी डब्या रांगेने बसवलेल्या असतात. प्रत्येक डबीच्या पाठीवर काळ्यापांढऱ्या रेघांची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तोच तिचा दाखल क्रमांक. मागणी आली की एक यांत्रिक हात रांगेपुढून सरकत जातो, नेमकी डबी काढतो आणि शेजारच्या वाचनयंत्रात घालतो. काम संपले की ती जागच्या जागी परत ठेवतो. देवघेवीचा हा सारा व्यवहार ग्रंथपालांच्या चांगल्या परिचयाचा आहे. फरक एवढाच की या लायब्ररीत वाचक बहुधा एकच असतो, आणि तोही यंत्र. त्या वाचकाला वाचनलेखनाची रीत नव्याने शिकवण्याचा प्रसंग अधूनमधून येतो. सर्व्हरला जोडलेल्या टेप ड्राइव्हचे फर्मवेअर बदलणे असे त्या प्रसंगाचे व्यवहारातले नाव आहे. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या ग्रंथालयांनी आपली जुनी मासिके आणि हस्तलिखिते स्कॅन करून ठेवली आहेत, त्यांच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा आहे. कारण मूळ कागदाचे उद्या पीठ झाले तर त्या मजकुराचा ठावठिकाणा फितीवरच उरणार आहे.

चुंबकीय फीत ही काही नवी वस्तू नव्हे. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली तिचे पेटंट घेतले. पुढे ध्वनिमुद्रणात ती रुळली, १९५१ साली 'युनिव्हॅक' संगणकाबरोबर धातूची फीत आली आणि १९५२ साली आय.बी.एम.ने प्लॅस्टिकच्या फितीचे यंत्र बाजारात आणले. त्या फितीची रुंदी अर्धा इंच होती. नवल असे की आज सर्वत्र वापरात असलेल्या एल.टी.ओ. जातीच्या फितीची रुंदीही जवळजवळ तेवढीच, म्हणजे १२.६५ मिलिमीटर आहे. बाकी सारे मात्र बदलले. २००० साली आलेल्या एल.टी.ओ.च्या पहिल्या पिढीच्या डबीत १०० गिगाबाइट मजकूर मावत असे. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या डबीत १८ टेराबाइट मावतो, म्हणजे एकशे ऐंशी पट. एका डबीत १,०३५ मीटर फीत असते. तिची जाडी ५.२ मायक्रोमीटर, केसाहून कितीतरी कमी, आणि तेवढ्या रुंदीत ८,९६० समांतर मार्गांवर लेखन होते. बैल नांगर घेऊन शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि पुन्हा माघारी फिरतो, तशी ही फीत पुढेमागे फिरत लिहिली जाते.

या सूक्ष्म नांगरटीत तास चुकू नये म्हणून कारखान्यातच फितीवर मार्गदर्शक खुणा कोरलेल्या असतात. लेखणीच्या मागोमाग वाचणारे शीर्ष चाललेले असते. लिहिलेले अक्षर तत्क्षणी वाचून पाहिले जाते आणि बिघडलेले असल्यास पुढे पुन्हा लिहिले जाते. शिवाय मजकुराबरोबर गणिताने सिद्ध केलेली जादा चिन्हे लिहिलेली असतात. फितीचा एखादा तुकडा ओरखडला तरी त्या चिन्हांवरून मूळ मजकूर पुन्हा बांधता येतो. वेदपाठाच्या पद, क्रम, जटा, घन या पद्धती ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना यातले तत्त्व समजायला वेळ लागणार नाही. तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचे, म्हणजे एखादा स्वर ढळला तरी तो लपत नाही. पाठांतर करणाऱ्या ब्राह्मणाचा तो वेळेचा अपव्यय नव्हता, तो पाठाचा विमा होता.

हे सारे चातुर्य मात्र फितीत नाही. ते यंत्रात आहे. खुणा कशा ओळखायच्या, लेखणी किती सरकवायची, सर्व्हरकडून मजकूर हळू येत असेल तर फितीचा वेग किती उतरवायचा, स्वच्छतेची फीत केव्हा मागायची, याचे नियम यंत्राच्या पोटातल्या एका चिपवर लिहिलेले असतात. यालाच फर्मवेअर म्हणतात. ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली हा शब्द घडवला. यंत्राचे भाग कठीण, बदलायला अवघड. सॉफ्टवेअर मऊ, केव्हाही बदलावे. या दोहोंच्या मधले ते 'फर्म', म्हणजे घट्ट, पण अगदी अचल नव्हे. देवघरातल्या पोथीशी त्याची तुलना करता येईल. ती रोज कोणी दुरुस्त करीत नाही, पण तिच्यात अपपाठ शिरला तर तो रोज म्हटला जातो.

अपपाठ शिरतातच. नव्या कारखान्यातून आलेल्या डब्या जुने यंत्र नीट ओळखत नाही. फितीच्या एखाद्या भागावर खुणांचा माग सुटला असता यंत्र धीर धरण्याऐवजी लगेच चूक कळवते. मजकूर पुरेशा वेगाने न आल्यामुळे फीत थांबते, मागे जाते, पुन्हा धावते आणि झिजते. बूट पुसणाऱ्याच्या फडक्यासारखी ही येरझार म्हणून व्यवसायात तिला 'शू-शायनिंग' असेच नाव पडले आहे. असे दोष ध्यानात आल्यावर उत्पादक सुधारलेले फर्मवेअर तयार करतात आणि सोबत काय बदलले याचे टिपण देतात.

या ठिकाणी संत एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि पुढच्या तीन शतकांत नकलाकारांच्या हातून तिच्यात पाठभेद साचत गेले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष जात नाही. या शुद्धीची नोंद त्यांनी शक आणि संवत्सरासह लिहून ठेवली आणि यापुढे कोणी या ग्रंथात आपल्या ओव्या मिसळू नयेत असेही बजावले. कोणती प्रत, कोणी, केव्हा शुद्ध केली, हे पुढच्या वाचकाला कळलेच पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे. उत्पादकाचे टिपण न वाचता फर्मवेअर बदलणारा तंत्रज्ञ या कसोटीला उतरत नाही. आणि 'चालले आहे ना, मग हात कशाला लावता' असे म्हणून वर्षानुवर्षे टिपण न उघडणाराही उतरत नाही. दुसऱ्या जातीची माणसे संस्थांच्या कार्यालयांत अधिक आढळतात.

तथापि सुधारणा म्हणजे कल्याणच असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. २०११ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस गूगलच्या जीमेल सेवेच्या काही ग्राहकांनी आपली टपालपेटी उघडली तर ती रिकामी! अशांचे प्रमाण एकूण ग्राहकांच्या सुमारे ०.०२ टक्के होते; परंतु ज्याची वर्षांची पत्रे नाहीशी झाली त्याला टक्केवारीने काय समाधान वाटणार? साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नुकतीच केलेली एक सुधारणा याच्या मुळाशी होती. पत्रांच्या प्रती वेगवेगळ्या केंद्रांत ठेवलेल्या होत्या, पण सर्व प्रती तारेने एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे दोष त्यांच्यापर्यंतही पोहोचला. फीत तेवढी वाचली, कारण ती कशालाही जोडलेली नव्हती. गूगलने सुधारणा मागे घेतली आणि पत्रे फितीवरून परत आणली. फितीवरून आणायची म्हणून त्याला वेळही लागला. ज्या जगात फीत कालबाह्य झाली असे सर्वांनी गृहीत धरले होते, त्या जगाला तिने असे ऋणी करून ठेवले.

मग फितीच्या यंत्राचीच पोथी बदलायची असेल तेव्हा किती सावध असावे? प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे आहे, तयारी एका संध्याकाळची आहे. प्रथम यंत्राचा नमुना, अनुक्रमांक आणि सध्याच्या फर्मवेअरचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. एकाच पिढीच्या यंत्रांतही पूर्ण उंचीचे आणि अर्ध्या उंचीचे असे भेद असतात, जोडणीचेही भेद असतात, आणि प्रत्येकाची फाइल निराळी असते. चुकीची फाइल यंत्र सहसा नाकारते. त्या 'सहसा'वर विसंबून राहू नये. कपाट आणि त्यातले वाचनयंत्र यांची फर्मवेअरे वेगळी असतात, दोहोंची परस्परांशी जुळणी टिपणात पाहावी. नव्या फाइलबरोबर जुनीही जवळ ठेवावी, परतीची वाट म्हणून. फाइल उत्पादकाकडूनच घ्यावी आणि तिची पडताळणीची संख्या जुळवून पाहावी.

त्यानंतर ताजा बॅकअप घ्यावा आणि त्यातली चारदोन पाने परत काढून उघडून पाहावीत. हे झाल्यावर रात्रीची ठरलेली कामे थांबवावीत, बॅकअपच्या सॉफ्टवेअरला यंत्रावरची पकड सोडायला लावावी आणि यंत्रातली डबी बाहेर काढावी. काही उत्पादकांच्या यंत्रांत फर्मवेअर घातलेली खास डबी सारून काम करता येते; एरवी सर्व्हरवरून त्यांचे साधन चालवून फाइल पाठवतात. यंत्र ती आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते, तपासते, आणि मग कायमच्या चिपवरचे जुने लेखन पुसून नवे लिहिते.

पुसले आहे आणि अजून लिहिले नाही, असा जो थोडा काळ मध्ये जातो तोच धोक्याचा. पाटी पुसून झाली आणि खडू हाती येण्यापूर्वी दिवा गेला, अशी स्थिती. या वेळी वीज गेली तर काही यंत्रे राखून ठेवलेल्या मूळ पाठावर परत येतात, काही मात्र निव्वळ लोखंड होऊन बसतात आणि त्यांना कारखान्यात पाठवावे लागते. आपल्याकडच्या गावांत विजेचा भरवसा किती, हे श्रोत्यांना सांगणे नको. म्हणून यू.पी.एस.ची बॅटरी आदल्या दिवशी तपासावी, वादळी पावसाची संध्याकाळ टाळावी, आणि पडद्यावर काही हलत नाही म्हणून उतावीळपणाने बटण दाबू नये. काम झाले की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. सर्व्हरला ते कधी लगेच दिसते, कधी पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

येथे बहुतेक जण थांबतात. नवा क्रमांक दिसला, कोऱ्या फितीवर लिहून वाचून पाहिले, झाले. पण ग्रंथालयाचा प्रश्न कोऱ्या फितीचा नाही, जुन्या फितीचा आहे.

चंद्राभोवती फिरून छायाचित्रे घेण्यासाठी अमेरिकेने १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत 'लूनर ऑर्बिटर' मालिकेतली पाच याने पाठवली. त्यांनी धाडलेली चित्रे पृथ्वीवर चुंबकीय फितींवर उतरवून घेण्यात आली. २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले, चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे चित्र त्यांतलेच. पुढे फिती राहिल्या आणि त्या वाचणारी यंत्रे भंगारात गेली. नॅन्सी इव्हान्स या नासातल्या अभिलेखांच्या जबाबदार अधिकारी. त्यांनी फिती टाकून देण्यास नकार दिला आणि अँपेक्स कंपनीची त्या जातीची मोडकी यंत्रे मिळवून अनेक वर्षे स्वतःच्या घरी जपून ठेवली. या यंत्रांचा आकार शीतकपाटाहून लहान नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या घरच्यांच्या सोशिकपणाचेही कौतुक वाटते. अखेर कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात, मॅकडोनाल्ड्सच्या एका बंद पडलेल्या उपाहारगृहात ती यंत्रे मांडून दुरुस्त करण्यात आली आणि २००८ सालच्या नोव्हेंबरात पृथ्वीचे ते चित्र, पूर्वी कधी दिसले नव्हते इतक्या स्पष्टपणे, पुन्हा उभे राहिले. फितीत चित्र बेचाळीस वर्षे शाबूत होते. नव्हता तो वाचक.

एल.टी.ओ.च्या बाबतीत हा प्रश्न आणखी जवळ आला आहे. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचू शकत. आठव्या आणि नवव्या पिढीची यंत्रे मागची एकच पिढी वाचतात. २०२५ साली आलेली दहावी पिढी मागची एकही वाचत नाही. फर्मवेअर कितीही नवे घातले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, कारण ती शीर्षांच्या घडणीत आहे. थंड आणि कोरड्या जागेत फीत तीस वर्षे टिकते असे उत्पादक सांगतात. तीस वर्षांनी ते यंत्र कोणाच्या घरी असेल, हे मात्र ते सांगत नाहीत.

म्हणून फर्मवेअर बदलल्यानंतर कपाटातली सर्वांत जुनी डबी मागवावी. तिच्यावरून एखाद्या जुन्या मासिकाचा एक अंक, मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत, संपूर्ण परत काढावा. पूर्वी नोंदवून ठेवलेल्या पडताळणीच्या संख्येशी तो जुळतो का ते पाहावे, आणि एखाद्या जाणत्या सभासदाला पडद्यासमोर बसवून चार पाने वाचून घ्यावीत. मग दाखल नोंदवहीच्या शेजारी ठेवलेल्या वहीत तारीख, जुना क्रमांक, नवा क्रमांक, वाचलेल्या डबीचा क्रमांक आणि काम करणाराचे नाव लिहून खाली ग्रंथपालांची सही घ्यावी. या वहीची एक प्रत कागदावर, संगणकाबाहेर, कुलपात ठेवावी.